शरणागती झाली, हिशेबाचं काय?

१५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. त्याची बायको तारक्का त्याच वर्षी एक जानेवारीला शरण आली होती. त्या दिवशी टीव्हीवर दुसरी बातमीच नव्हती. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींचे फोन आले, "आता तुमच्याकडे आनंदीआनंद असेल ना?" आनंद होताच, खोटं कशाला बोलू? चाळीसहून अधिक वर्षं या जिल्ह्याने बंदुकीच्या सावलीत काढली आहेत. आमचा चामोर्शी तालुका तसा मैदानी, वैनगंगेच्या काठचा, मार्कंड्याच्या जत्रेचा. भामरागड-एटापल्लीइतका होरपळलेला नाही. तरी ११ मे २०१४ ला मुरमुरी-पावीमुरांडाच्या जंगलात भूसुरुंगाच्या स्फोटात सात पोलीस गेले, तो आमच्याच तालुक्यात. तेव्हा बंदुका खाली आल्या याचं मोल आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

पण मैत्रिणींनो, एक प्रश्न त्या सगळ्या बातम्यांत कुठेच दिसला नाही. इतकी वर्षं जी साधी माणसं मारली गेली, ज्यांच्या हातात ना बंदूक होती ना काठी, त्यांचा हिशेब कोण देणार?

ही माणसं कोण, हे बाहेरच्यांना नीटसं माहीत नसतं. पोलीस पाटील, सरपंच, रस्त्याच्या कामावरचा मुकादम, पोलीस भरतीचा अर्ज भरलेला पोरगा, कधी नुसताच तालुक्याच्या गावी वारंवार जाणारा शेतकरी. रात्री दार वाजायचं. "थोडी चौकशी करायची आहे" म्हणून माणसाला घेऊन जायचे. सकाळी रस्त्यावर प्रेत आणि शेजारी पत्रक, 'पोलिसांचा खबऱ्या'. जनअदालत भरली असेल तर गावासमोर, नसेल तर तेवढंही नाही. आणि दुसऱ्या बाजूने चकमकी. मेलेला प्रत्येक जण नक्षलवादीच होता असं पोलिसांनी सांगायचं, आणि एखाद्या आईने म्हणायचं की नाही हो, माझं लेकरू तसं नव्हतं.

कसनासूरचं उदाहरण घ्या. भामरागड तालुक्यात कसनासूर-बोरिया परिसरात २२ एप्रिल २०१८ ला मोठी चकमक झाली. दुसऱ्या दिवशी राजाराम खांदलाजवळ आणखी एक. मिळून चाळीस मृत्यू. एटापल्ली तालुक्यातल्या गट्टेपल्लीच्या काही घरांचं म्हणणं होतं की आमची पोरं लग्नाला म्हणून गेली होती, ती दलममध्ये नव्हती. बाहेरून आलेल्या सत्यशोधन समित्यांनीही तेच मांडलं. पोलिसांनी ते साफ नाकारलं आणि ही मुलं नव्याने भरती झालेली होती असं सांगितलं. खरं काय हे मी घरात बसून सांगू शकत नाही. ते सांगायला न्यायालयीन चौकशी लागते. पुढचं मात्र वादाचं नाही. जानेवारी २०१९ मध्ये माओवाद्यांनी त्याच कसनासूरच्या तीन गावकऱ्यांना मारून रस्त्यावर टाकलं. त्या चकमकीची खबर तुम्हीच दिली, हा ठपका. नऊ महिन्यांत एकाच गावाच्या नावाने दोन्ही बाजूंची प्रेतं मोजली गेली.

जगात यासाठी काही कायदा आहे की नाही? आहे. आपण समजतो त्यापेक्षा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ साली जिनिव्हात चार करार झाले. या चारही करारांत तिसरं कलम जवळजवळ शब्दशः सारखंच आहे, म्हणून त्याला समान तिसरं कलम म्हणतात. दोन देशांचं युद्ध नसलं, एकाच देशाच्या पोटातला सशस्त्र संघर्ष असला तरी ते लागू होतं. सरकारलाही आणि सरकारविरुद्ध लढणाऱ्यांनाही. जो लढत नाही, किंवा ज्याने शस्त्र टाकलं आहे, त्याला मारायचं नाही, छळायचं नाही, ओलीस धरायचं नाही, त्याची विटंबना करायची नाही. आणि रीतसर स्थापन झालेल्या न्यायालयाच्या निकालावाचून कोणाला शिक्षा द्यायची नाही, देहदंड तर नाहीच.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. जनअदालतीत झाडाला बांधून दिलेला निकाल त्यात बसतो का? नाही. पकडून नेलेल्या माणसाला जंगलात उभं करून घातलेली गोळी? तीही नाही. एकच ओळ आहे, दोघांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते. आमच्याकडच्या वादात 'तुम्ही पोलिसांच्या बाजूचे की त्यांच्या?' हे पहिलं विचारलं जातं. त्यावर मला तरी याहून सरळ उत्तर सापडलेलं नाही. मी करारावर सही केलेल्या बाजूची.

आणि सही भारताने केलेली आहे! १९५० मध्येच आपण हे करार मान्य केले, १९६० मध्ये संसदेने त्यासाठी जिनिव्हा करार कायदाही केला. मग अडतं कुठे? गडचिरोलीत किंवा बस्तरमध्ये 'सशस्त्र संघर्ष' आहे हेच सरकारला मान्य नाही. हा कायदा-सुव्यवस्थेचा, अंतर्गत सुरक्षेचा प्रश्न आहे, असं कोणत्याही पक्षाचं सरकार आलं तरी म्हणतं. भीती अशी की संघर्ष म्हटलं की समोरच्याला मान्यता दिल्यासारखं होईल. पण त्याच तिसऱ्या कलमाच्या शेवटी स्पष्ट लिहिलेलं आहे की या तरतुदी पाळल्याने कोणत्याही बाजूचा कायदेशीर दर्जा बदलत नाही. म्हणजे भीतीवर औषध कलमातच आहे. ते घ्यायचं नाही, एवढंच. अंतर्गत संघर्षातल्या नागरिकांसाठी १९७७ मध्ये अधिक सविस्तर असा दुसरा पुरवणी करार झाला, त्यात तर आपण सामीलच नाही.

आता हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. बातम्यांत त्याचं नाव आलं की आपण पान उलटतो, पण थोडं थांबा. १७ जुलै १९९८ ला रोममध्ये मतदान झालं. १२० देश बाजूने, ७ विरोधात, २१ तटस्थ. भारत तटस्थांत. सुरक्षा परिषदेच्या हाती जास्त अधिकार जातात, अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत नाही, आणि देशांतर्गत संघर्ष यात कशाला, असे आपले आक्षेप होते. पहिल्या दोन आक्षेपांत तथ्य आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. बड्या देशांनी दुसऱ्यांची प्रकरणं कोर्टात धाडायची आणि स्वतः बाहेर राहायचं, हा कुठला न्याय? अमेरिका, रशिया, चीन तिघेही सदस्य नाहीत. तिसऱ्या आक्षेपाशी मात्र माझं भांडण आहे, कारण तो थेट आमच्या अंगणाबद्दल आहे.

न्यायालय १ जुलै २००२ पासून सुरू झालं, आज सव्वाशेच्या आसपास देश सदस्य आहेत. सदस्य नसलेल्या देशात, तिथल्याच माणसांनी केलेल्या गुन्ह्यांसाठी एक तर त्या देशाने स्वतः अधिकार मान्य करावा लागतो, नाही तर सुरक्षा परिषदेने प्रकरण पाठवावं लागतं. म्हणजे गट्टेपल्लीची आई आणि कसनासूरची विधवा, दोघींनाही हेगचं दार बंद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे व्यक्तीला तक्रार करता येते, पण त्यासाठीचा जोडकरार आपण स्वीकारलेला नाही. छळाविरुद्धच्या करारावर १९९७ मध्ये सही केली, तो अजून कायम केलेला नाही. सह्या करायच्या आणि कागद कपाटात ठेवायचा, ही सवय फक्त ग्रामपंचायतीतच असते असं नाही बरं का.

देशातला कायदा काय सांगतो? १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारात सज्जनकुमारला दोषी ठरवताना डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नमूद केलं की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे आपल्या फौजदारी कायद्यात गुन्हे म्हणून आलेलेच नाहीत, ही पळवाट बुजवायला हवी. त्यानंतर १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. सगळी कलमं नव्याने लिहिली गेली. हे लिहिलं गेलं नाही. इतकी चांगली संधी हातची गेली आणि त्यावर कुठे चर्चाही झाली नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

बायकांच्या पानावर हे सगळं कशाला, असं एखादीला वाटेल. तर ही गोष्ट ऐका. रवांडात १९९४ मध्ये तुत्सींची कत्तल झाली. त्यासाठी खास न्यायालय बसलं. ताबा नावाच्या गावाचा प्रमुख होता झाँ-पॉल अकायेसू, त्याच्यावरच्या मूळ आरोपपत्रात बलात्काराचा आरोपच नव्हता! साक्ष देता देता एका बाईने आपल्या लहान मुलीवर काय ओढवलं ते सांगितलं. न्यायाधीशांमध्ये एकच स्त्री होती, नवनीतम पिल्ले. दक्षिण आफ्रिकेत वाढलेली, तमिळ वंशाची, बस चालवणाऱ्याची मुलगी. तिने प्रश्न विचारले, ऐकून घेतलं, पुढे आणखी बायका बोलल्या आणि आरोपपत्र बदललं गेलं. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं की बलात्कार हे वंशसंहाराचं हत्यार असू शकतं. तोवर ती 'युद्धात होतंच असं' या सदरातली गोष्ट होती. न्यायासनावर एक बाई बसली होती म्हणून दुसरीला तोंड उघडता आलं. महिला आरक्षणावर भाषणं करणाऱ्या पुढाऱ्यांनी हे उदाहरण वापरायला माझी हरकत नाही.

न्यायालय असलं म्हणजे न्याय होतोच असंही नाही. आमच्या चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत. त्यांच्या आज्यांकडे फाळणीनंतरच्या दंगलींच्या गोष्टी आहेत, आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांच्या १९७१ च्या. त्या वर्षी पाकिस्तानी फौजेने जे केलं त्याची सुनावणी बांगलादेशात सुरू व्हायला २०१० उजाडलं. न्यायालयाच्या नावात 'आंतरराष्ट्रीय' आहे, पण ते देशाचंच. पाकिस्तानी अधिकारी त्याच्या हाती लागलेच नाहीत, स्थानिक साथीदार फासावर गेले, आणि खटले नीट चालले नाहीत अशी टीकाही झाली. ज्यांनी ते न्यायालय बसवलं त्या शेख हसीनांनाच नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, २०२४ च्या आंदोलनातल्या हत्यांसाठी, त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. सत्ता बदलली की आरोपी बदलतो. म्हणूनच बाहेरचा, ज्याला कोणत्याच बाजूचं देणंघेणं नाही असा पंच लागतो, असं म्हणणाऱ्यांचं मला पटतं.

बाहेरचा पंच काय करू शकतो, ते फिलिपिन्समध्ये दिसलं. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत तिथल्या पोलिसांनी हजारो माणसं मारली. प्रत्येक वेळी एकच कहाणी, त्याने आधी गोळी झाडली. आपल्याला ही कहाणी पाठ आहे! देशाने २०१९ मध्ये हेगचं सदस्यत्व सोडलं, तरी सदस्य असतानाच्या काळातल्या गुन्ह्यांसाठी माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये अटक होऊन हेगला नेण्यात आलं.

पण गडचिरोलीला सगळ्यात जवळचं वाटावं ते उदाहरण कोलंबियाचं आहे. तिथे 'फार्क' नावाच्या डाव्या बंडखोरांशी पन्नास वर्षं लढाई चालली. जंगल, आदिवासी गावं, अपहरणं, खबऱ्या म्हणून मारलेली माणसं, सगळं ओळखीचं. सैन्याच्या बाजूनेही भयंकर प्रकार झाला. २००८ मध्ये बोगोटाजवळच्या सोआचा या गरीब वस्तीतली तरुण पोरं नोकरीच्या आमिषाने नेली गेली, आणि शेकडो मैल दूर, बंडखोर म्हणून चकमकीत मेलेली सापडली. मारलेल्यांचा आकडा वाढला की जवानांना बक्षीस आणि रजा मिळत होती. त्या पोरांच्या आया एकत्र आल्या. धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायका. त्यांना वेडं ठरवलं गेलं, धमक्या आल्या, त्या हटल्या नाहीत. २००२ ते २००८ या काळात अशा किमान ६,४०२ हत्या झाल्या, असं २०२१ मध्ये तिथल्या विशेष न्यायालयानेच सांगितलं.

हे विशेष न्यायालय २०१६ च्या शांतता करारातून आलं. त्याची रीत अशी. बंडखोर असो की सैनिक, ज्याने साध्या माणसांवर गंभीर गुन्हे केले त्याला सरसकट माफी नाही. पण तो समोर येऊन, पीडितांच्या देखत, खरं सांगेल, तर तुरुंगाऐवजी पाच ते आठ वर्षं बंधनात राहून भरपाईचं काम करायचं. लपवलं आणि सिद्ध झालं तर वीस वर्षांपर्यंत तुरुंग. सप्टेंबर २०२५ मध्ये पहिल्या शिक्षा झाल्या. अपहरणांसाठी फार्कच्या सात जुन्या नेत्यांना आठ-आठ वर्षं, आणि दोनच दिवसांनी खोट्या चकमकींसाठी सैन्यातल्या बारा जणांना. पुष्कळ आयांना ही शिक्षा अपुरी वाटली, त्यांनी तसं बोलून दाखवलं. मलाही मुलगा आहे, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण एक पाहा. दोन्ही बाजूंचे लोक त्याच न्यायासनासमोर, त्याच नियमाने उभे राहिले. हेगच्या न्यायालयाने कोलंबियात एकही खटला चालवला नाही. २००४ पासून २०२१ पर्यंत सतरा वर्षं ते नुसतं लक्ष ठेवून होतं. तुम्ही केलं नाही तर आम्ही करू, एवढाच निरोप. घरात सासूने नुसतं दारात उभं राहावं आणि भांड्यांचा आवाज कमी व्हावा, तसं काहीसं.

आमच्याकडे दारात उभं राहणारं कोणी नाही. तरी जे आहे ते पुरतं वापरलं जात नाही, ही माझी खरी तक्रार. चकमकीत मृत्यू झाला की काय करायचं हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ च्या निकालात ठरवून दिलं आहे आणि तो खटला महाराष्ट्रातलाच होता. गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी सक्तीची, नातेवाइकांना कळवायचं. किती आयांना हे माहीत आहे? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर तक्रार करता येते, फी नाही, पण घटनेला एक वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. जंगलातल्या गावात धाय मोकलून रडण्यातच वर्ष जातं. आणखी एक बारीक गोष्ट. सी-६० हे राज्याचं पोलीस दल, त्याची चौकशी आयोग पूर्णपणे करू शकतो. केंद्रीय राखीव पोलीस दल असेल तर मात्र केंद्राकडून अहवाल मागवून शिफारस करण्यापलीकडे जाता येत नाही. गोळी कोणाच्या बंदुकीतून आली हे रात्रीच्या अंधारात बाईने कसं ओळखायचं?

माओवाद्यांनी मारलेल्यांच्या कुटुंबांसाठी केंद्राची २००८ पासूनची योजना आहे. तीन लाखांची मदत पुढे पाच लाख झाली. आमच्या बचत गटात एटापल्लीकडून आलेली एक बाई आहे. नवऱ्याला रात्री उचलून नेलं तेव्हा पदरात दोन लेकरं होती. कागद जमवायला मी तिच्याबरोबर एका कार्यालयात तीन खेपा घातल्या. दर वेळी एक नवा दाखला निघायचा. तिथल्या बाकावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "पैसे भेटन तं भेटन, ताई. पर त्यानं काय केलं होतं थे तं कोणी सांगावं. पोरगा इचारते." मदत मिळाली तरी या प्रश्नाला त्या योजनेत रकाना नाही.

जांभूळखेड्याची आठवण यासाठीच ठेवायला हवी. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात स्फोटात पंधरा जवान गेले आणि त्यांच्या खासगी गाडीचा चालकही. जवानांना मानवंदना मिळाली, ती मिळायलाच हवी. गाडी भाड्याने चालवणारा तो माणूस मात्र बहुतेक बातम्यांत शेवटच्या अर्ध्या ओळीत होता.

पोलिसांचंही एक ऐकून घेतलं पाहिजे. शरण आलेल्याला लगेच खटल्यात अडकवलं तर पुढचा जंगलातून बाहेर कशाला येईल, असं ते म्हणतात आणि त्यात चूक काही नाही. राज्याची शरणागती योजना २००५ पासून चालू आहे आणि तिच्यामुळे रक्तपात टळला आहे. केंद्राच्या धोरणातही किरकोळ गुन्ह्यांत तडजोडीला वाव आहे, मात्र घोर गुन्ह्यांचे खटले न्यायालयात चालूच राहतील असं म्हटलेलं आहे. माझं म्हणणं खटल्याच्या अलीकडचं आहे. शरण आलेल्या प्रत्येकाची पोलीस सविस्तर चौकशी करतातच. दलमचे रस्ते, शस्त्रांचे साठे, पैसा कुठून आला, सगळं विचारलं जातं. त्याच कागदावर आणखी चार प्रश्न लिहा. अमक्या गावच्या अमक्याला मारायचं कोणी ठरवलं? कशाच्या आधारावर? तेव्हा कोण हजर होतं? ज्यांची प्रेतं मिळालीच नाहीत ती कुठे पुरली? भूपतीसारखा मध्यवर्ती समितीत बसलेला माणूस यातलं पुष्कळ सांगू शकेल. मिळालेली उत्तरं त्या त्या कुटुंबाला, त्यांच्या भाषेत, गोंडी-माडियात, कोणी तरी जाऊन सांगायची. आणि ज्या चकमकींबद्दल घरच्यांची तक्रार आहे, त्यांचे दंडाधिकारी चौकशीचे अहवालही असेच गावात नेऊन वाचून दाखवायचे.

केंद्र सरकारने नक्षलवाद संपवायला ३१ मार्च २०२६ ही तारीख दिली होती. या चौकशीसाठी कोणीच तारीख दिलेली नाही. येत्या जिल्हा नियोजनाच्या बैठकीआधी आमच्या गटाच्या बायका पालकमंत्र्यांना या चार प्रश्नांचं निवेदन देणार आहेत. आतापर्यंत सत्तावीस जणींनी सही केली. नऊ जणींनी अंगठा दिला. दोघींनी, "आत्ताच नको ताई, अजून थोडं थांबू," म्हणून कागद परत केला.